बाकावरची फुली

लिफ्टमनला टीबी झाला तेव्हा त्याने कचेरीत मूळव्याध सांगितली.

यात अक्कल नव्हती असं म्हणता येणार नाही. टीबी म्हटलं असतं तर मॅनेजरने त्याला फाटकाबाहेरूनच हात जोडले असते. मूळव्याधीचं एक बरं असतं, पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही. तो रजेवरून परत आला तेव्हा मॅनेजरने आपल्या खुर्चीतली मऊ उशी काढून त्याच्या स्टुलावर ठेवायला दिली. "सांभाळून बस," एवढंच म्हणाला. ती उशी पुढे कितीतरी दिवस लिफ्टमनला टोचत राहिली.

इमारतीत सगळ्या मजल्यांवर कचेऱ्या होत्या आणि लिफ्ट जुनी, सरकत्या जाळीची. जाळी नीट लागली नाही की ती दोन मजल्यांच्या मधेच रुसून बसायची, म्हणून तिच्यावर माणूस ठेवलेला. काम काय, तर जाळी ओढायची, हँडल फिरवायचं आणि मधल्या मजल्यावर कोणी आत शिरलं की विचारायचं, "वर की खाली?" बरीच वर्षं हेच केल्यामुळे लिफ्टचा आवाज त्याच्या कानात बसला होता. डब्याच्या सुट्टीत जिन्याखाली डोळे मिटून पडला तरी त्याला कळायचं, आता वर चाललीय, आता खाली येतेय, आता थांबली.

अशा कपाटाएवढ्या खोक्यात टीबीच्या माणसाने बसावं का? बसू नये. डॉक्टर म्हणाले होते, "गोळ्या लागू पडतायत. मास्क लावून हवेशीर ठिकाणी हलकं काम करायला हरकत नाही." त्यातलं 'हरकत नाही' तेवढं त्याने उचललं. हवेशीरचं म्हणाल तर लिफ्टमध्ये एक पंखा होता आणि तो बंद होता. पण घरी बायको, शाळेत जाणारी मुलगी, भाड्याच्या दोन खोल्या, आणि बायकोच्या शिवणयंत्रावर किती दिवस ढकलणार? तो मास्क लावून कामावर गेला. कोणी विचारलं तर म्हणायचा, धुळीचा त्रास होतो.

आणि मग कोरोना आला. साऱ्या जगाच्या तोंडचं पाणी पळालं आणि लिफ्टमनच्या जिवात जीव आला. ऐकायला बरं वाटत नाही, पण खरं ते खरं. आता सगळ्यांच्याच तोंडाला मास्क होते, त्याच्याकडे कोण बघतो! कचेऱ्या काही आठवडे बंद राहून पुन्हा उघडल्या तेव्हा मॅनेजरने नियम काढला की लिफ्टमध्ये एका वेळी तिघांनीच जायचं आणि तिघांनी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. एकेका भिंतीला एकेक माणूस, शिक्षा झालेल्या पोरासारखा. चौथ्या बाजूला जाळी आणि लिफ्टमन. आजवर तो माणसं चेहऱ्यावरून ओळखायचा, आता पाठीवरून ओळखायला लागला.

टीबीच्या गोळ्या मात्र चुकत नव्हत्या. कामावर जाण्याआधी तो रोज सकाळी आरोग्य केंद्राच्या मागच्या शेडमध्ये जायचा. तिथल्या सिस्टरचा कोणावरही विश्वास नव्हता. गोळ्या तिच्यासमोर गिळायच्या, आ करून जीभ वर उचलून दाखवायची, मगच सुटका. गोळ्या घेऊन लगेच उठलं की मळमळायचं, म्हणून पेशंट बाहेरच्या लांब लाकडी बाकावर थोडा वेळ बसून राहायचे. त्याच बाकावर त्याला पेंटर भेटला.

पेंटर म्हणजे पाट्या रंगवणारा. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, 'येथे गाडी लावू नये'च्या. छापील फलक आल्यापासून त्याचा धंदा बसला होता आणि टीबीने दुसऱ्यांदा गाठल्यापासून तोही बसला होता. एक फुप्फुस जवळजवळ गेल्यात जमा. पण बोलणं असं की शेजारच्याला वाटावं, हा पेशंट नसून पेशंटला भेटायला आलाय. लिफ्टमनला त्याने पहिल्याच दिवशी 'वरखाली' हे नाव देऊन टाकलं.

"काय वरखाली, आज कुठे? वर की खाली?" तो रोज विचारायचा.

"तू सांगशील तिकडे."

"मग खालीच. वर न्यायची घाई करू नकोस रे बाबा. बऱ्याच पाट्या राहिल्यात अजून."

कोरोनाने पेंटरला पुन्हा काम दिलं, हीही एक गंमत. दुकानांपुढे गिऱ्हाइकांनी अंतर ठेवून उभं राहावं म्हणून रस्त्यावर पांढरे गोल काढायचे होते. अर्ध्या शहरातले गोल आपलेच आहेत, असं तो छाती फुगवून सांगायचा, जेवढी फुगेल तेवढी. सिस्टरने त्याला बाकालाही कामाला लावलं. "दोघांच्या मधे जागा सुटली पाहिजे. काढ तिथे काहीतरी." त्याने बाकाच्या मधोमध लाल ऑइलपेंटने ठसठशीत फुली काढली. फुलीवर कोणी बसायचं नाही. एका बाजूला वरखाली, दुसऱ्या बाजूला पेंटर, मधे फुली, असा दरबार भरायला लागला.

फुली होती, पण तिचा मान सिस्टर बघत असेपर्यंतच. ती आत गेली की पेंटर पिशवीतून थर्मास काढायचा. त्याची बायको रोज चहा भरून द्यायची. थर्मासला झाकण एकच. आधी वरखाली प्यायचा, मग त्याच झाकणात पेंटर. पहिल्यांदा लिफ्टमन कचरला होता.

"अरे, घे," पेंटर म्हणाला होता. "आपल्याला आता काय होणार? व्हायचं ते होऊन बसलंय."

यात त्या दोघांनाही काही गैर वाटलं नाही. घरी लिफ्टमनचं ताट वेगळं, पेला वेगळा, टॉवेल वेगळा. झोपायला बाहेरची खोली. मुलगी दाराच्या चौकटीत उभी राहून शाळेतलं सांगायची आणि तो पलंगावरून हं हं करायचा. तिच्या डोक्यावरून हात फिरवायचा राहिला त्यालाही बरेच दिवस झाले होते. पेंटरच्या घरीही तीच तऱ्हा. दिवसभर जगापासून जपून राहायचं आणि सकाळी अर्धा तास या बाकावर मास्क खाली ओढून माणसासारखं बसायचं. साऱ्या जगापासून लांब राहायची सवय लागलेल्या या दोन शहाण्यांना एकमेकांपासून लांब राहायचं कधी सुचलंच नाही.

बाकावर बोलणं असायचं ते एकाच गोष्टीचं. निगेटिव्ह. थुंकी तपासून तिच्यात जंतू सापडले नाहीत की माणूस निगेटिव्ह झाला. बाहेरच्यांना हा शब्द आता कोरोनामुळे शिकायला मिळत होता, या बाकावरची मंडळी त्यात मुरलेली होती. "झालास का?" एवढंच विचारायचं, कोणीही समजायचं. लिफ्टमनच्या घरीही तेच. बायको शिलाई मारता मारता विचारायची, "अहो, झालात का?" मुलगी विचारायची, "बाबा, झालात?" तो दोनदा नापास झाला होता. तिसऱ्यांदा थुंकी द्यायची होती. दोघांचं ठरलं होतं, जो आधी निगेटिव्ह होईल त्याने दुसऱ्याला हॉटेलात न्यायचं आणि समोरासमोर बसून काचेच्या कपातून चहा पाजायचा.

मग वरून हुकूम आला की टीबीच्या सगळ्या पेशंटची कोरोनाची तपासणीही करायची. खोकला इथूनतिथून सारखाच, कोणाचा कशाचा हे बघून कसं कळणार? म्हणून एका सकाळी शेडमध्ये पांढऱ्या पोशाखातला एक जण आला आणि त्याने एकेकाच्या नाकात लांब काडी घालून डोळ्यांत पाणी आणलं. नेमका त्याच दिवशी सिस्टरने लिफ्टमनच्या हातात थुंकीची डबीही दिली. नाकातलं एकाने नेलं, घशातलं दुसरीने नेलं.

फोन आला तेव्हा तो लिफ्टमध्ये होता. तिघे तीन भिंतींना लागले होते आणि लिफ्ट वर चालली होती.

"आरोग्य खात्यातून बोलतेय," पलीकडून एक थकलेली बाई म्हणाली. मागे फोनच फोन वाजत होते. "तुमचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय."

तिसऱ्यांदा नापास. तीन पाठींकडे नजर टाकून त्याने आवाज खाली आणला. "बरं."

"काही त्रास होतोय का?"

"नेहमीचाच."

"घरी वेगळे राहता का? ताट, पेला, टॉवेल वेगळा?"

"हो. सगळं वेगळंच आहे. आधीपासूनच."

"मास्क लावता?"

"कायम."

"औषध आहे?"

"चालू आहे."

"छान. फार सहकार्य करता तुम्ही लोक," बाई म्हणाली. तिला तशी उत्तरं दिवसाकाठी फारशी मिळत नसावीत. "काळजी घ्या. कुठे बाहेर पडू नका." ते शेवटचं वाक्य त्याच्यापर्यंत पोचलंच नाही. मजला आला होता, जाळी खडखडली, आणि त्याने फोन खिशात टाकला होता.

तो फोन टीबीचा नव्हता. थुंकीचा रिपोर्ट अजून यायचाच होता. बाई बोलत होती ती नाकातल्या काडीबद्दल. कशाचा पॉझिटिव्ह, हा एक शब्द त्याने विचारला असता तर सगळं तिथल्या तिथे उलगडलं असतं. पण 'कशाचा' म्हटल्यावर पुढे 'टीबीचा का' म्हणावं लागलं असतं आणि लिफ्टमध्ये माणसं होती. दुसरं म्हणजे, पॉझिटिव्ह या शब्दाने दचकायचं त्याने कधीच सोडलं होतं. दुसरा कोणी असता तर हातपाय गाळून बसला असता. हा गेले कित्येक महिने पॉझिटिव्हच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाकावर बसताच पेंटरने ओळखलं. "झालास का?"

"नाही. पॉझिटिव्हच. काल फोन आला."

"मला नाही आला. कसला फोन? आपले रिपोर्ट सिस्टर सांगते ना?"

"आता सगळं फोनवरच चाललंय म्हणतात."

ही वेळ होती. पेंटरने आणखी एक प्रश्न विचारला असता तर कदाचित उजेड पडला असता. पण लिफ्टमनचे डोळे भरून आले. मुलीला आता कुठल्या तोंडाने सांगू, म्हणाला, ती कॅलेंडरवर बोट ठेवून बसलीय. मास्क खाली ओढून तो डोळे पुसायला लागला आणि पुसता पुसता खोकायला लागला.

पेंटरने आत बघितलं. सिस्टर पाठमोरी होती. तो उठला आणि सरळ फुलीवर येऊन बसला, लिफ्टमनला खेटून. त्याच्या खांद्यावर हात टाकला. "अरे वेड्या, मी दुसऱ्यांदा या शाळेत आलोय. रडतो का मी? चौथ्यांदा होशील. नाहीतर पाचव्यांदा. घे, चहा घे."

वरखाली प्यायला. मग त्याच झाकणात पेंटर प्यायला. मग समजूत पुरेशी झाली नाही असं वाटून पेंटरने आणखी एक झाकण भरलं. पुढचे दोनतीन दिवस तो फुलीवरच बसला.

लिफ्टमनला ताप आला. त्याने गोळ्यांना दोष दिला. तोंडाची चव गेली. त्याने पुन्हा गोळ्यांनाच दोष दिला. तो रोज लिफ्टमध्ये बसत होता आणि तीनतीन पाठी वरखाली नेत होता. त्या आठवड्यात मधल्या मजल्यावरचे दोघे तिघे आजारी पडले, पण तेव्हा सगळीकडेच कोणी ना कोणी पडत होतं. कोणाचं कोणाकडून, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

मग एक दिवस दुपारी बायकोचा फोन आला. "अहो, आरोग्य खात्याची माणसं आलीत. म्हणतायत, पेशंट घरात कसा नाही? मी म्हटलं, कामावर गेलेत. तर माझ्यावरच ओरडायला लागली. म्हणे, कोरोना असून कामावर?"

"कोरोना कोणाला?"

"तुम्हाला! तुम्हाला फोनवर सांगितलंय म्हणे. तुम्ही हो म्हणालात म्हणे!"

त्याने लिफ्ट तळमजल्यावर आणली आणि जाळी लावून टाकली. त्याला बायको आठवली नाही, मुलगी आठवली नाही. डोळ्यांपुढे आलं ते थर्मासचं झाकण. त्याने पेंटरचा नंबर लावला. पेंटरच्या बायकोने उचलला.

"भाऊजी, कालपासून अंग नुसतं फणफणलंय त्यांचं," ती म्हणाली. "दम लागतोय. पण टीबीचा दम नाही वाटत हा. तुम्हाला काय वाटतं?"

"वहिनी, दवाखान्यात न्या. आत्ता. थांबू नका," तो म्हणाला. आपल्याला काय वाटतं हे त्याने सांगितलं नाही.

कोरोनाच्या पेशंटसाठी एक नवीकोरी इमारत घेतली होती. माणसं राहायला यायच्या आधीच तिथे आजारी आले. भिंतींना अजून रंगाचा वास होता, असं बाकीचे म्हणायचे, लिफ्टमनला कसलाच वास येत नव्हता. त्याला तिसऱ्या मजल्यावर खाट मिळाली. बायको आणि मुलगी निगेटिव्ह आल्या. फोन करणाऱ्या बाईने 'कोरोना निगेटिव्ह' असं पूर्ण सांगितलं, बायकोने तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं होतं.

तिसऱ्या मजल्यावर चालतेबोलते पेशंट. पाचव्यावर ऑक्सिजन आणि यंत्रं. लिफ्ट या मजल्याच्या टोकाशी होती, आपोआप दार उघडणारी, बिनमाणसाची. सगळ्या मजल्याचे कान तिच्याकडे लागलेले असत. इथून कोणाला वर नेलं की ते बिघडलं. वरून लिफ्ट खाली येऊन तिसऱ्यावर थांबली की माणूस सुधारून परत आला. वरून निघाली आणि तिसऱ्यावर न थांबता तशीच तळाला गेली, की खाली मागच्या बाजूला बंद गाडी उभी असायची. हे कोणी कोणाला शिकवावं लागत नव्हतं. लिफ्टमनला तर बाकीच्यांच्या आधी कळायचं, आणि कळू नये म्हणून तो उशीत कान दाबून पडायचा.

पेंटर दुसऱ्या दिवशी आला. चाकाच्या खुर्चीवरून. मांडीवर पिशवी, पिशवीत टीबीच्या गोळ्या आणि थर्मास.

"मी डबल ग्रॅज्युएट हं," त्याने पांढऱ्या पोशाखातल्या नर्सला धापा टाकत सांगितलं. "आधी टीबी, आता कोरोना. दोन्ही गोळ्या द्यायच्या. एकही चुकवायची नाही." सगळ्या मजल्याने ऐकलं. दोन खाटा सरकल्या, पण पेंटरला त्याचं काही नव्हतं. त्याने इकडेतिकडे पाहिलं, लिफ्टमन दिसला, आणि शेजारची खाट मागून घेतली.

"ओळखता एकमेकांना?" नर्सने विचारलं.

इथेही लिफ्टमनने टीबीचा पत्ता लागू दिला नव्हता. आपल्या गोळ्या तो संडासात जाऊन गिळत होता.

"एका बाकावरचे आम्ही," पेंटर म्हणाला.

"शाळेतले?"

"हो. नापास झालेले." आणि त्यापुढे तो बोलला नाही. नर्स गेल्यावर मात्र हळूच म्हणाला, "काय रे, लपून गिळल्या की गोळ्या जास्त लागू पडतात का?"

दोन दिवस लिफ्टमनने शब्द शोधण्यात घालवले. तिसऱ्या दिवशी दुपारी पेंटर जरा उठून बसला होता, तेव्हा त्याने सांगून टाकलं.

"पेंटर, तुला हे माझ्याकडून आलं. तो फोन टीबीचा नव्हता. ती पॉझिटिव्ह म्हणाली, मला वाटलं, आपलंच."

पेंटरला हसू फुटलं. "आपलंच!" तो म्हणाला. "आपलंच म्हणे!" हसता हसता खोकला आला, खोकता खोकता डोळ्यांत पाणी आलं. टीबीच्या गोळ्यांमुळे ते पाणी नारिंगी झालं होतं, मास्कच्या कडेला डाग उमटला. ठसका थांबल्यावर त्याने विचारलं, "मग कशाचा ते विचारायचं नाही का रे?"

"लिफ्टमध्ये माणसं होती."

"किती?"

"तीन."

"भिंतीकडे तोंड करून?"

"हो."

पेंटरचं हसू कुठल्या कुठे गेलं होतं. "तोंडसुद्धा नव्हतं रे त्यांचं तुझ्याकडे," तो म्हणाला आणि कूस बदलून भिंतीकडे वळला.

लिफ्टमनला वाटलं, त्याने शिव्या द्याव्यात, थर्मास फेकून मारावा, काहीही करावं. सकाळी पेंटरने आपल्या गोळ्या घेतल्या, जुन्या सवयीने आ करून जीभ उचलून दाखवली, आणि बघायला सिस्टर नाही हे लक्षात येऊन तोंड मिटलं. मग लिफ्टमनला म्हणाला, "जा, तुझ्याही गिळून ये. चुकवू नकोस." माफ केलं असं तो म्हणाला नाही. लिफ्टमननेही विचारलं नाही.

संध्याकाळपर्यंत पेंटरच्या बोटाला लावलेल्या चिमट्यावरचे ऑक्सिजनचे आकडे उतरायला लागले. डॉक्टर आले, वर न्या म्हणाले. खुर्ची आली. त्याला नाकावर नळी लावून तीत बसवलं. आता त्याला बोलता येत नव्हतं. लिफ्टमन खुर्चीबरोबर लिफ्टच्या दारापर्यंत गेला, कोणी अडवलं नाही. दार उघडायच्या आधी पेंटरने उजवा हात मांडीवरून उचलला, एक बोट वर केलं आणि भुवया उंचावल्या. वर की खाली?

लिफ्टमनने ते बोट हातात धरलं आणि खाली वळवलं. "खाली," तो म्हणाला. "आत्ता वर चाललायस, पण परत खाली यायचं. आणि तिसऱ्यावर थांबायचं. सरळ जायचं नाही, सांगून ठेवतो."

दार बंद झालं. लिफ्ट वर गेली.

पुढचे काही दिवस तो उशीत कान दाबून पडला नाही. खाट सोडून लिफ्टजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिला. लिफ्ट वरून निघाली की त्याला आधी तारेचा ताण कळायचा, मग चौथा मजला ओलांडताना होणारी बारीक घरघर. तिसऱ्यावर थांबणार असली की अलीकडेच तिचा वेग मंदावायचा. दोनदा ती मंदावली, थांबली, दार उघडलं. दोन्ही वेळा वेगळीच माणसं बाहेर आली आणि लिफ्टमनने त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या.

मग एका दुपारी, जेवणाची ताटं गोळा होत असताना, लिफ्ट पाचव्यावरून निघाली. चौथ्याची घरघर झाली. तिचा वेग मंदावला नाही. बंद दारामागून ती त्याच्यासमोरून खाली गेली. तळाला दार उघडल्याचा आवाज आला.

त्याने स्वतःला समजावलं की वर पुष्कळ माणसं आहेत. तासाभराने वहिनींचा फोन आला. त्याने उचलला. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तो थर्मास तिथेच असेल बघा. येताना घेऊन या."

लिफ्टमन बरा होऊन कामावर आला तेव्हा मॅनेजरने फाटकाशी चार माणसं उभी करून टाळ्या वाजवायला लावल्या. आमच्या लिफ्टमनने कोरोनाला हरवलं! कोरोना सांगता येत होता, त्याला टाळ्या मिळत होत्या. लिफ्टमनने हात जोडले आणि जाऊन उशीवर बसला.

सकाळी बाकावर जाणं चालूच होतं. फुली तशीच लाल होती. तिच्या पलीकडे आता एक नवीन मुलगी बसायची, गोळ्या घेताना रडायची. तो तिला म्हणायचा, रडू नकोस, मी या शाळेत जुना आहे. पण आपल्या बाजूने सरकायचा नाही. थर्मास वहिनींना देऊन आला होता. त्यांनी चहा दिला, तो वेगळ्या कपात, आणि तो दाराबाहेर बसून प्यायला. त्यांनाही त्याने सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यांनी सांगितलं होतं मला, वर जायच्या आधी फोनवर. हसत होते." मग त्या आत निघून गेल्या.

तिसऱ्या थुंकीतही जंतू सापडलेच होते. पुन्हा थुंकी दिली. पुन्हा फोन आला, आणि पुन्हा तो लिफ्टमध्येच होता. भिंतींना तीन पाठी. एक मॅनेजरची होती.

"आरोग्य खात्यातून बोलतोय. तुमचा रिपोर्ट निगेटिव्ह आलाय हं. अभिनंदन."

"कशाचा?" लिफ्टमनने विचारलं.

"काय म्हणालात?"

त्याने हँडल सोडलं. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे थांबली. "कशाचा निगेटिव्ह? मला टीबी आहे. कोरोनाही होऊन गेलाय. टीबीचा की कोरोनाचा, ते नीट सांगा."

तीन पाठी होत्या. तिन्ही वळल्या.

"टीबीचा," पलीकडचा म्हणाला. "थुंकीचा. टीबी निगेटिव्ह."

"टीबी निगेटिव्ह," लिफ्टमनने मोठ्याने म्हटलं, आणि फोन ठेवला. काचेच्या कपातला चहा आता कोणाला पाजायचा, हे त्याच्या मनात आलं. त्याने हँडल फिरवलं. पुढचा मजला येताच दोघं जण आपला मजला नसताना उतरले आणि जिन्याकडे पळाले. मॅनेजर तसाच उभा राहिला, तोंड लिफ्टमनकडे करून.

"मूळव्याध म्हणाला होतास," तो म्हणाला.

"खोटं बोललो होतो, साहेब."

मॅनेजरने त्याच्याकडे पाहिलं, मग स्टुलाकडे पाहिलं. लिफ्टमन उठला, उशी उचलली, झटकली आणि त्याच्या हातात दिली. मग लाकडी स्टुलावर बसून त्याने जाळी ओढली, हँडलवर हात ठेवला आणि विचारलं,

"वर की खाली?"